साठीनंतर वॉटरकलर शिकायचाय? कोल्हापूरकरांनो, सुरुवात अशी करा

रिटायर झालेल्या माणसाला घरातली मंडळी हमखास दोन वस्तू आणून देतात, एक बीपी बघायचं मशीन आणि दुसरं ते मंडला रंगवायचं पुस्तक. मशीन कामाचं आहे, पुस्तकाचं काही खरं नाही. चार पानं रंगवून होतात, मग ते टीव्हीच्या खालच्या कप्प्यात जातं आणि घरात सगळे म्हणतात, बाबांना आवडच नाही. आवड असते हो, पण त्या पुस्तकात शिकायला काय आहे? आखून दिलेल्या रेषेत रंग भरायचं काम बालवाडीतच संपलेलं असतं.

मी बरीच वर्षं हायस्कूलला चित्रकला शिकवली, आता साठीच्या पुढच्या मंडळींना वॉटरकलर शिकवते, आणि हे सगळं त्यांच्याकडे बघून लिहितेय. माझं म्हणणं एकच आहे, टाइमपास म्हणून करू नका, शिका. म्हणजे रीतसर, मागचं जमेपर्यंत पुढचं न घेता, प्रत्येक कागदाच्या मागं तारीख टाकून. वेळ घालवायला बसलेला माणूस दोन महिन्यात कंटाळतो, शिकायला बसलेला कंटाळत नाही, कारण उद्या काय करायचंय ते त्याला आजच माहीत असतं.

"ह्या वयात आता हात बसतोय व्हय बाई?" हे पहिल्या दिवशी सगळेच विचारतात. बसतो. जरा हळू बसतो एवढंच. आणि तुमच्यातल्या कितीतरी जणांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली आहे, ते वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आठवतंय का बघा, कुणाला बी ग्रेड होती कुणाला सी, पण घडा आणि लिंबू काढताना जे शिकलात ते पूर्ण पुसलेलं नसतं. पेन्सिल हातात घेतली की थोडं थोडं वर येतं.

वॉटरकलरच का? दुसरंही चालेल, शाडूचं काम करा, गोधडी शिवा, पेटी शिका, गंगावेशीतल्या नाहीतर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गणपतीच्या आधीच्या महिन्यांत नुसता फेरफटका मारला तरी हात शिवशिवतात. पण एका वेळी एकच धरा. मी वॉटरकलर सांगते कारण मला तेच येतं, आणि दुसरं म्हणजे त्याला जागा कमी लागते, ऑइल पेंटिंगसारखा टर्पेंटाइनचा वास नाही त्यामुळं दमेकऱ्यांना त्रास नाही, आणि सगळं पाण्यानं धुऊन निघतं, त्यामुळं सुनेची फरशी सेफ.

आधी डोळे, हात आणि खुर्ची

हा भाग सगळे गाळतात आणि थेट दुकानात जातात. तसं करू नका.

डोळ्यांपासून सुरू करू. वय वाढलं की डोळ्याला जास्त उजेड लागतो, पूर्वी जेवढ्या उजेडात पेपर वाचायचात तेवढ्यात आता रंगातला फरक कळणार नाही. खिडकीजवळ बसा, उत्तरेकडची खिडकी मिळाली तर उत्तम, तिथं बहुतेक महिने थेट ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर साधारण सारखा राहतो (मे-जूनमध्ये थोडं ऊन शिरतं, तेव्हा पातळ पांढरा पडदा लावायचा). दिवा लावायचा तर पिवळा नको, पांढऱ्या डेलाइट एलईडीचा टेबल लॅम्प घ्या, आणि उजव्या हातानं काम करत असाल तर तो डावीकडं ठेवा म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही.

मोतीबिंदू असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, त्यामुळं निळे-जांभळे रंग मळकट दिसतात आणि माणूस नकळत चित्र तांबूस-पिवळं करत जातो. फ्रान्सचा मोठा चित्रकार क्लोद मोने, त्यालाही हेच झालं होतं, १९२३ साली त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऑपरेशननंतर माझ्याकडं येणारे एक काका स्वतःचीच जुनी चित्रं बघून म्हणाले, "हे आभाळ मी असं गढूळ का केलंय?" तेव्हा ऑपरेशन ठरलेलं असेल तर जुनी चित्रं फाडू नका, नंतर बघायला मजा येते.

चष्म्याचं वेगळंच. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात मान वरखाली करून करून दुखायला लागते, कारण चित्राचा कागद असतो हातभर लांब, वाचायच्या अंतरावर नसतो. घरी कागद मांडून डोळ्यापासूनचं अंतर टेपनं मोजा, ते साधारण ५० ते ६० सेंटीमीटर भरेल, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की मला ह्या अंतराचा चष्मा पाहिजे. साधी फ्रेम घ्या, घरातच तर वापरायचाय.

हात थरथरतो म्हणून न येणारे लई जण आहेत. थरथर आहे तर ब्रश टोकाजवळ घट्ट धरू नका, जरा वर, सैल धरा आणि मनगटाऐवजी खांद्यातून हात फिरवा, मोठा स्ट्रोक बराच स्थिर येतो. बारीक कामासाठी आपल्या कोल्हापूरच्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांची युक्ती घ्या, डाव्या हातात एक काठी आडवी धरायची, तिचं टोक बोर्डाच्या कडेला टेकवायचं आणि उजवं मनगट काठीवर ठेवून अक्षर काढायचं. एखादी जुनी छत्रीची काडीसुद्धा चालते, टोकाला चिंधी गुंडाळा. आणि झाडाची पानं, गवत, पाण्यावरचे तरंग ह्यात थरथरणारी रेघ उलट छान दिसते, तिथं काठीची गरजच नाही.

बोटांचे सांधे दुखत असतील तर ब्रशचा दांडा जाड करायचा. बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप मिळते ती गुंडाळा, नाहीतर स्पंज आणि वर दोरा. बारीक दांडा चिमटीत धरून ठेवण्यातच निम्मी ताकद जाते.

बसायला डायनिंगची साधी खुर्ची, टेबल कोपराच्या उंचीला. सोफा नको, पलंग तर नकोच. आणि वीस-पंचवीस मिनिटांनी उठा. वॉटरकलरमध्ये ह्याची सोय आपोआप होते, एक थर वाळायला ठेवला की उठून चहा टाका, गॅलरीत दोन चकरा मारा, मग परत या. चहाचा कप आणि ब्रश धुवायचा कप एकाच टेबलावर ठेवू नका, का ते सांगायची गरज नाही. ब्रशचं टोक जिभेवर फिरवून टोकदार करायची सवय बऱ्याच जणांना शाळेपासून आहे, ती सोडा, काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असलं काहीबाही असतं.

शेवटचं, सामान मांडलेलंच राहील अशी जागा शोधा. रोज काढा, रोज आवरा असं असेल तर आठ दिवसांत बंद पडणार. बाल्कनीचा कोपरा, जिन्याखालची जागा, शिवणाच्या मशीनचं टेबल, काहीही. ज्या मावशींना घरात स्वतःचं टेबल नाही त्यांनी एक मोठा ट्रे घ्यावा, त्यात सगळं मांडलेलं ठेवायचं आणि दुपारी दोन ते चार घर शांत असतं तेव्हा ट्रे बाहेर. पण टेबल मागून बघा आधी. मुलाच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरला टेबल मिळतं, आईला का नाही?

खरेदी, आणि काय घ्यायचं नाही

दुकानदार २४ रंगांचा सेट दाखवेल, चकचकीत असतो. घेऊ नका. सहा ट्यूब सुट्या घ्या: लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमसन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू आणि एक सेरुलियन किंवा कोबाल्ट ब्लू, त्यात नावापुढं "ह्यू" लिहिलं असेल तर तो स्वस्तातला पर्यायी रंग असतो, शिकायला चालतो. कॅम्लिनचे आर्टिस्ट वॉटरकलर सुरुवातीला पुरेसे आहेत, फक्त ट्यूबवर "आर्टिस्ट" लिहिलंय का बघा, शाळेच्या पोरांचे स्टुडंट रंग वेगळे, त्यात रंग कमी आणि भर जास्त असते. काळा नको. पांढरा नको. वॉटरकलरमध्ये पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं शिक्षण झालं.

पैसे घालायचे तर कागदात घाला. लोक उलटं करतात, भारी रंग आणि वहीचा कागद, मग कागद पापडासारखा फुगतो आणि दोष स्वतःला देतात. ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), कोल्ड प्रेस (म्हणजे जरा खरखरीत) लिहिलेला कागद घ्या. शंभर टक्के कॉटनचा सगळ्यात चांगला पण महाग, सरावाला साधा ३०० जीएसएम चालेल आणि दर आठ-दहा कागदांमागं एक कॉटनचा घ्या म्हणजे फरक हाताला कळतो, कॉटनवर रंग हळू वाळतो आणि चूक निस्तरायला वेळ मिळतो, जो आपल्या वयात पाहिजेच. २२ बाय ३० इंचाचा पूर्ण कागद मिळतो, तो आणून त्याचे आठ तुकडे केले की प्रत्येक साडेसात बाय अकरा इंचाचा होतो, बांधीव पॅडपेक्षा हे स्वस्त पडतं.

ब्रश तीनच. गोल १२ नंबर, गोल ६ नंबर आणि एक इंची चपटा. सिंथेटिक घ्या. नवशिक्यांना बारीक ब्रशाचा मोह होतो, शून्य नंबर, डबल शून्य, त्यानं चित्र होत नाही, नुसतं गिरवणं होतं. ब्रश पाण्यात उभा ठेवायचा नाही, केस वाकतात, धुऊन आडवा ठेवायचा.

बाकी घरातच आहे. पॅलेट म्हणून पांढरी चिनी मातीची बशी, पाण्याला दोन भांडी (एकात मळका ब्रश धुवायचा, दुसरं स्वच्छ), जुन्या सुती साडीचा तुकडा, एचबी आणि टूबी पेन्सिल, मास्किंग टेप, आणि कागद चिकटवायला प्लायचा तुकडा, सुताराकडं मागितला तर फुकट मिळतो. पहिली सगळी खरेदी दीड-दोन हजारांत बसायला हरकत नाही, त्यापेक्षा जास्त कुणी सांगत असेल तर तो दुकानदार आहे.

पहिले पंधरा दिवस चित्र काढायचं नाही

हे ऐकलं की चेहरे पडतात, नातवाला सूर्योदय काढून दाखवायचा असतो. पण दोन आठवडे फक्त वॉश. रोज चाळीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस.

फ्लॅट वॉश म्हणजे एका चौकोनात एकाच रंगाचा सपाट थर, ना डाग ना पट्टे. सोपं वाटतं, करून बघा. कागद चारी बाजूंनी टेपनं प्लायवर चिकटवा आणि प्लायच्या वरच्या कडेखाली एखादं जाडसर पुस्तक सारा, म्हणजे उतार येतो, ह्या उतारावरच सगळा खेळ आहे. बशीत अल्ट्रामरीन भरपूर पाण्यात कालवा, लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट, कारण मध्येच रंग संपला आणि नवीन कालवायला गेलात की तेवढ्यात कड वाळते. आता १२ नंबरचा ब्रश पूर्ण भरून घ्या आणि वरच्या टेपलगत डावीकडून उजवीकडं एक सरळ पट्टा ओढा, दाबायचं नाही, ब्रशचं पोट कागदावरनं नुसतं सरकलं पाहिजे. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाच्या पाण्याची एक फुगीर लड साचलेली दिसेल, उजेडात चमकते. ब्रश परत भरून दुसरा पट्टा असा ओढायचा की त्याची वरची कड त्या लडीला हलकेच शिवेल, लड आपोआप खाली उतरते. असंच खालपर्यंत. वर काही राहिलं असं वाटलं तरी परत जायचं नाही, तिथं हात आवरता आला पाहिजे. शेवटी तळाशी साचलेलं पाणी पिळलेल्या ब्रशनं टिपून घ्या, आणि बोर्ड वाळेपर्यंत तसाच तिरका ठेवा. आडवा केला की खालचं पाणी मागं फिरतं आणि अर्धवट वाळलेल्या रंगात शिरून वेडेवाकडे डाग पाडतं.

वाळलं का ते कसं कळणार? कडेनं बघा, चकाकतंय तोवर ओलं. चकाकी गेली तरी लगेच हात लावू नका, बोटांची मागची बाजू कागदाला हलकेच टेकवा, गार लागलं तर आत अजून ओल आहे. आणि वाळल्यावर रंग बराच फिका होतो, म्हणून ओला असताना "जरा जास्तच झाला" असं वाटला पाहिजे.

फ्लॅट जमला की ग्रेडेड, म्हणजे प्रत्येक पट्ट्याला रंगात थोडं थोडं पाणी वाढवत न्यायचं, वर गडद खाली फिका. हे तुमचं आभाळ. मग ओल्यावर ओलं, कागद आधी स्वच्छ पाण्यानं भिजवायचा आणि त्यावर रंग सोडायचा, तो आपणच पसरतो. हे पावसाळी ढग.

त्यानंतर टोन, म्हणजे रंगाचा गडद-फिकेपणा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून करडा बनवा आणि पाच चौकोनांत अगदी फिक्यापासून अगदी गडदपर्यंत उतरवा. काळ्या ट्यूबची गरज का नाही ते इथंच कळेल, ह्याच दोन रंगांत निळा जास्त पडला तर पावसाळी करडा, सिएना जास्त पडला तर आपल्या देवळांच्या उन्हातल्या दगडाचा करडा. समोरच्या वस्तूत टोन ओळखायला डोळे किलकिले करून बघायचं, बारीकसारीक तपशील जातो आणि उजेड-सावलीचे मोठे ठोकळे राहतात. ज्यांना लांबचा चष्मा आहे त्यांनी तो नुसता काढावा, काम फत्ते.

हिरवा विकतचा वापरू नका, प्लास्टिकसारखा दिसतो. लेमन यलो आणि अल्ट्रामरीनचा हिरवा करा आणि त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना घाला, मग तो आपल्या वडाचा, आंब्याचा हिरवा होतो. ऊस कोवळा असेल तर पिवळा वाढवा.

मग लिंबू, मग चप्पल

पहिली वस्तू लिंबू. खिडकीच्या एका बाजूनं उजेड, पांढऱ्या कागदावर ठेवा. जिथं उजेड चकाकतोय तेवढा ठिपका कोरा सोडून बाकी सगळ्यावर लेमन यलो. ओला असतानाच सावलीच्या बाजूनं यलो ऑकर सोडा, आणि अगदी गडद भागात ऑकरमध्ये किंचित जांभळं (क्रिमसन अधिक अल्ट्रामरीन). इथं काळा घातला तर पिवळ्याचा हिरवा होतो, लिंबू कच्चं दिसायला लागतं. टेबलावर पडलेली सावली लिंबाच्या बुडाशी गडद आणि धारदार, लांब जाईल तशी फिकी आणि मऊ. लिंबू रोज एक काढा, आठवडाभर. तेच लिंबू चाललं तरी चालेल, सुकत जातं ते पण काढा.

लिंबानंतर वांगं, तांब्या, आणि मग आपली कोल्हापुरी चप्पल. ही मी सगळ्यांना काढायला लावते. डोळ्यासमोर रोज असते म्हणून वाटतं सोपी आहे, पण तिरक्या कोनातून ठेवली की तळवा कसा आखडतो ते आपण कधी बघितलेलंच नसतं. चप्पल काढू नका, चपलेच्या भोवतीची आणि पट्ट्यांच्या मधली मोकळी जागा काढा, पट्टा आणि तळव्यामधलं भोक कोणत्या आकाराचं आहे ते बघा, चप्पल आपोआप जागेवर येते. रंग बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर, वापरून काळवंडलेल्या अंगठ्याच्या जागी त्यातच निळा. वेणीच्या प्रत्येक पेडाला वेगळी रेघ देत बसू नका, दोन-तीन पेड नीट काढा, बाकीचे नुसत्या गडद ठिपक्यांनी सुचवा. एक आजी, टेलरिंग करायच्या, त्यांची वेणी पहिल्याच खेपेला माझ्यापेक्षा बरी आली, शिवण हाताला माहीत होती ना.

बाहेर पडा, पण हिशोबानं

दोन-तीन महिन्यांनी बाहेर. आणि ह्या बाबतीत आपल्यासारखं नशीब कुणाचं नाही, निसर्गचित्राची परंपराच इथली आहे. आबालाल रहिमान, ज्यांना शाहू महाराजांचा आश्रय होता आणि जे १९३१ साली गेले, त्यांनी कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या काठाला बसून जी चित्रं केली ती अजून लोक डोळे भरून बघतात. बाबूराव पेंटर आधी नाटकाचे पडदे रंगवायचे, सिनेमा नंतर. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे, सिनेमातले चंद्रकांत म्हणून तुम्ही ओळखता ते, त्यांची निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंगची (पूड कागदावर घासून छटा देतात ती) कामं तिथं आहेत, एक सकाळ काढून जाच. आणि गेल्यावर चित्र "छान आहे" म्हणून पुढं सरकू नका, एका चित्रासमोर दहा मिनिटं थांबा आणि शोधा की कागद कोरा कुठं सोडलाय, सगळ्यात गडद जागा कुठली आणि कडा कुठं विरघळवल्यात.

पहिली जागा टाउन हॉलची बाग. झाडं मोठी, सावली आहे, आणि ती मनोऱ्यांची दगडी इमारत एका कोपऱ्यातून थोडीच घेतली तरी चित्र होतं. भवानी मंडपात नवशिक्यांनी जाऊ नये, मागं माणसं उभी राहून सल्ले देतात.

रंकाळ्याला जाल तर वेळ ठरवून जा. शालिनी पॅलेस तलावाच्या पश्चिमेला, तेव्हा चौपाटीच्या बाजूनं बसलात तर सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येऊन पॅलेसवर पडतं, रंग दिसतात. संध्याकाळी तिथूनच सूर्य समोर असतो, पॅलेस आणि झाडं नुसती गडद आकृती होतात, हे रंगवायला सोपं पण डोळ्याला त्रास, टोपी लागतेच. पाण्यातलं प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली पडतं, तिरकं कधीच नाही, आणि उजळ वस्तू पाण्यात जरा गडद दिसते तर गडद वस्तू जरा फिकी. आधी आभाळ आणि पाणी एकाच वॉशमध्ये वरपासून खालपर्यंत न थांबता घ्या, ते वाळू दे, मग पलीकडचा काठ, मग पॅलेस. सगळा रंकाळा घ्यायचा मोह टाळा, पुठ्ठ्याला पोस्टकार्डच्या निम्म्या आकाराचं चौकोनी भोक पाडून त्यातून बघा आणि जेवढं दिसतं तेवढंच काढा.

पंचगंगा घाटाच्या दीपमाळा आणि पायऱ्या फार सुंदर, पण दगडी पायऱ्या उतरताना गुडघ्यांचा विचार करा आणि शेवाळ असलेल्या भागात जाऊच नका, वरच्या पायरीवरनं पण घाट चांगलाच दिसतो.

सोबत काय न्यायचं: घडीची खुर्ची (पाठ टेकायची, स्टूल नको), फक्त १२ नंबरचा ब्रश आणि एक छोटा, चार कागद, पाण्याची बाटली रंगाची वेगळी प्यायची वेगळी, आणि शुगर असेल त्यांनी दोन बिस्किटं खिशात, चित्रात गुंगलं की खायची वेळ टळते. शौचालय कुठं आहे ते बसायच्या आधी बघून ठेवा, हे कुणी लिहीत नाही पण निम्मे लोक ह्याच कारणानं बाहेर यायला नको म्हणतात. तासाभरात आवरा, तेवढ्या वेळात सावल्या सरकतात, म्हणून सुरुवातीलाच पेन्सिलनं सावल्यांच्या कडा आखून घ्या आणि नंतर त्या बदलल्या तरी चित्रात बदलू नका. आणि मिसळ चित्र झाल्यावर. आधी खाल्ली की डुलकी.

शिकवणार कोण

यूट्यूबवर भरपूर आहे, पण स्पीड ०.७५ करून बघा आणि एकाच माणसाचे व्हिडिओ धरा, रोज नवा गुरू केला की गोंधळ होतो. समोर बसून शिकणं केव्हाही चांगलं. शहरात दळवीज आर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, कलानिकेतन आहे, तिथली मुलं शिकवायला तयार होतात का विचारा, विशी-बाविशीतल्या पोराला "सर" म्हणायची लाज वाटू देऊ नका, त्यालाच जास्त लाज वाटते. फक्त आधी सांगा की माझ्या कागदावर हात चालवायचा नाही, शेजारच्या कागदावर करून दाखव. चित्र सरांनी दुरुस्त केलं की घरी कौतुक होतं, पण शिकलं कोण? शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शनं लागत असतात, तिथं जा आणि चित्रकार हजर असेल तर बिनधास्त विचारा की हा रंग कशाचा, बहुतेक जण आनंदानं सांगतात.

चार-पाच जणांचा ग्रुप जमला तर रविवारी एकत्र बसा. नियम एकच, शेजाऱ्याच्या चित्राला "वा वा" म्हणायचं नाही. काय जमलंय ते नेमकं सांगायचं आणि पुढच्या खेपेला काय बदलशील ते विचारायचं. व्हॉट्सअॅपच्या फॅमिली ग्रुपवर चित्र टाकलं की अठरा अंगठे आणि फुलं येतात, बरं वाटतं, वाटू दे, पण त्यातनं काही कळत नाही.

घरी कुणी हसलं तर? हसतात, सुरुवातीला. नातवंडं तर तोंडावर सांगतात, आजोबा हा हत्ती आहे का. मी सांगते, पहिली दोन-तीन महिन्यांची चित्रं कुणाला दाखवूच नका, एका खोक्यात टाका. तारखा मागं असतातच, मग एकदम सगळी जमिनीवर मांडा आणि ओळीनं बघा.

पावसाळा आणि फ्रेम

आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये वॉश वाळतच नाही, तासतास ओला राहतो. हेअर ड्रायर वापरा पण चकाकी गेल्यावरच आणि हातभर लांबून, आधी मारला तर रंग पळतो. उलट एप्रिल-मेमध्ये पट्टा ओढेपर्यंत कड वाळते, तेव्हा सकाळी आठच्या आत बसा आणि कागदावर आधी पाण्याचा हलका फवारा मारा. कोरे कागद पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवा, औषधाच्या किंवा बुटाच्या डब्यात येते ती सिलिका जेलची पुडी आत टाका आणि पिशवी भिंतीला लागून ठेवू नका. कागदानं ओल धरली की त्याच्यावरचं साइझिंग म्हणजे रंग वर धरून ठेवणारा थर जातो, मग रंग टीपकागदावर शाई शोषल्यासारखा आत जातो आणि कितीही कष्ट घ्या, डागच पडतात. असा कागद पेन्सिलच्या सरावाला वापरून टाका.

फ्रेम करायची तर अगदी एक-दोनच करा, वर्षातून. फ्रेमवाल्याला सांगा की चित्राभोवती माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) पाहिजे, म्हणजे काच थेट कागदाला चिकटत नाही, चिकटली तर मधे ओल धरून बुरशी येते. चित्र मागच्या पुठ्ठ्याला फेव्हिकॉलनं पूर्ण चिकटवू देऊ नका, फक्त वरच्या कडेला टेप, नाहीतर पुढं ते काढताच येत नाही. आणि फ्रेम अशा भिंतीवर लावा जिथं ऊन येत नाही, क्रिमसन उन्हात सगळ्यात आधी उडतो. हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावायचा आग्रह मुलं करतील, तिथं पश्चिमेची खिडकी असेल तर नाही म्हणा, जेवणाच्या टेबलाजवळची आतली भिंत बरी.